नोंदींचे स्थलांतर आणि मंदावणारी गती : एका निदानाचा अभ्यास

जमाखर्चाची पत्रके, शस्त्रक्रियांचे तक्ते आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने या वार्षिक अहवालात एक अभ्यासलेख देण्याची आपली प्रथा आहे. एरवी या पानांवर मधुमेह, क्षयरोग किंवा बाळंतिणीचा आहार असे विषय येतात. यंदाचा विषय थोडा निराळा आहे. या वेळी आजारी पडला तो कोणी रुग्ण नव्हे, तर रुग्णांच्या नोंदी एका संगणकीय कोठारातून दुसऱ्या कोठारात नेण्याचे काम. त्या आजाराची लक्षणे, त्याचे निदान आणि त्यावरील उपचार यांचा हा वृत्तांत आहे. संगणकाची फारशी ओळख नसलेल्या वाचकांनाही तो समजावा, अशा बेताने तो लिहिला आहे. विश्वस्त आणि देणगीदार यांनी तो अवश्य वाचावा अशी विनंती आहे, कारण या प्रकरणात संस्थेची मोठी रक्कम चुकीच्या औषधावर खर्च होण्याची वेळ आली होती.

नोंद म्हणजे केवळ कागद नव्हे

रुग्णालयात केसपेपर हा रुग्णाचा दुसरा देह असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. पेनिसिलिनची इंजेक्शने या आजींना सोसत नाहीत, या मुलाचा रक्तगट अमुक आहे, या गृहस्थांच्या मूत्रपिंडाचे कार्य गेल्या दोन वर्षांत कसे घटत गेले, हे सारे तेथे लिहिलेले असते. बेशुद्धावस्थेत आणलेला रुग्ण बोलू शकत नाही. त्याच्या वतीने त्याची नोंद बोलते.

यामागे कायद्याचे बंधनही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून किमान ३ वर्षे जपावी लागतात आणि रुग्णाने अथवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागणी केल्यास ती ७२ तासांच्या आत द्यावी लागतात. महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांवर आणखी एक जबाबदारी आहे. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात. त्यासाठी निर्धन रुग्ण निधीचा स्वतंत्र हिशोब ठेवावा लागतो. कोणत्या रुग्णाला या निधीतून किती साह्य मिळाले, हे दाखवणारी नोंद हरवली, तर पुढच्या वेळी त्याच रुग्णाला आपली गरिबी पुन्हा सिद्ध करत बसावे लागते.

म्हणूनच जुन्या संगणकप्रणालीतून नव्या प्रणालीत नोंदी नेण्याचे ठरले, तेव्हा एकही नोंद गळू नये आणि एकही नोंद दोनदा उतरू नये, या दोन अटी आम्ही पहिल्याच बैठकीत घालून घेतल्या. पुढे जे घडले, ते यांपैकी दुसऱ्या अटीमुळेच.

लक्षणे

शनिवारी दुपारी बाह्यरुग्ण विभाग बंद झाल्यावर नोंदी उतरवण्यास प्रारंभ करायचा, रविवारी पडताळणी करायची आणि सोमवारी सकाळी ८ वाजता नोंदणीची खिडकी नव्या प्रणालीवर उघडायची, असा बेत होता. त्याआधी थोड्या नोंदींवर चाचणी घेतली होती. ती झटपट पार पडली. त्या वेगावरून त्रैराशिक मांडून सगळे काम शनिवारी रात्रीच उरकेल, असा अंदाज बांधण्यात आला.

शनिवारी संध्याकाळपर्यंत सर्व काही सुरळीत होते. पडद्यावरील आकडे झरझर पुढे सरकत होते. रात्री ते रेंगाळू लागले. रविवारी पहाटे एकेका हजाराला लागणारा वेळ डोळ्यांना जाणवण्याइतका वाढला होता आणि रविवारी संध्याकाळी अर्धेअधिक काम उरले असताना गती गोगलगाईची झाली होती. काम थांबले नव्हते, कोठे चूक दाखवली जात नव्हती, यंत्र बंदही पडले नव्हते. ते फक्त हळू होत चालले होते.

ज्या आजारात रुग्ण कोसळतो, तो आजार घरच्यांच्या चटकन लक्षात येतो. ज्यात तो रोज थोडा थोडा थकत जातो, तो उशिरा ओळखला जातो. आमचेही तसेच झाले.

रविवारी रात्री दोन सूचना पुढे आल्या. पहिली तंत्रज्ञांची होती : प्रत्येक नोंद उतरवण्यापूर्वी ती आधीच उतरली आहे की नाही, याची जी तपासणी होते, ती काढून टाकावी, म्हणजे वेग वाढेल. दुसरी एका कनवाळू देणगीदारांची होती. अडचण कानावर येताच त्यांनी अधिक शक्तिशाली सर्व्हरचा संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी दर्शवली. दोन्ही सूचना सद्‌भावनेने केलेल्या होत्या आणि दोन्ही आम्ही त्या रात्री स्वीकारल्या नाहीत. तपासणी काढली असती, तर मध्येच थांबलेले काम पुन्हा सुरू करताना एकाच रुग्णाच्या दोन नोंदी तयार होण्याचा धोका होता. एका नोंदीत पेनिसिलिनचा इशारा आणि दुसरीत नवे औषध, असे झाले, तर त्याचे मोल कोणी भरून द्यायचे? आणि नवा सर्व्हर घ्यायचा, तर जुना नेमका कशामुळे थकतो आहे, हे आम्हाला कोठे ठाऊक होते?

मध्यरात्रीच्या सुमारास निर्णय झाला. काम थांबवायचे, सोमवारी खिडकी जुन्या प्रणालीवरच उघडायची आणि आधी निदान करायचे. सोमवारी सकाळी रांगेतल्या कोणाला काही वेगळे जाणवले नाही. आमच्या मनाला मात्र ती माघार लागली होती.

तापाचा तक्ता

निदानाची दिशा संगणकतज्ज्ञाकडून नव्हे, तर आमच्या वरिष्ठ फिजिशियनांकडून मिळाली. सोमवारी दुपारी सारी हकीकत ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला : "मंद झाले म्हणता, पण तक्ता कोठे आहे?"

जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांनी तापमापकाने घेतलेल्या नोंदींवर आधारलेला आपला ग्रंथ १८६८ साली प्रसिद्ध केला आणि रुग्णाच्या खाटेशी तापाचा आलेख ठेवण्याची पद्धत रूढ होण्यास मोठी चालना मिळाली. ताप आहे एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. तो कसा चढतो आणि कसा उतरतो, यावरून रोगाकडे बोट दाखवता येते. उपचार न झालेल्या विषमज्वरात तो पायरीपायरीने चढत जातो, तर मलेरियाच्या एका प्रकारात एक दिवसाआड थंडी वाजून येतो. आज निदानासाठी रक्ताच्या तपासण्या आहेत, पण आलेखाचे महत्त्व कमी झालेले नाही.

आम्ही तोच धडा गिरवला. नोंदी हजाराहजारांच्या गटांत पाठवायच्या आणि प्रत्येक गटाला लागलेला वेळ तीन रकान्यांत लिहायचा : जुन्या कोठारातून नोंदी वाचण्यास लागलेला वेळ, त्या आधीच उतरल्या आहेत का हे तपासण्यास लागलेला वेळ, आणि नव्या कोठारात लिहिण्यास लागलेला वेळ. एकूण वेळ एकच आकडा म्हणून पाहिला, तर रोगाचे स्थान कळत नाही. पोट दुखते म्हणणाऱ्या रुग्णाला डॉक्टर नेमके कोठे ते बोटाने दाखवायला सांगतात, तसेच हे आहे. या चाचण्यांसाठी रुग्णांच्या खऱ्या नोंदी न वापरता त्याच धाटणीच्या कल्पित नोंदी तयार करून घेतल्या, हेही येथे नमूद केले पाहिजे. रुग्णाची खाजगी माहिती हे प्रयोगाचे साहित्य नव्हे.

असा तक्ता मांडल्यावर साधारणपणे चार आकृती दिसू शकतात.

पहिली आकृती सरळ आडव्या रेषेची. प्रत्येक गटाला सारखाच, पण जास्त वेळ लागतो. हा मंदावण्याचा आजार नव्हे, मुळातली संथ प्रकृती आहे. प्रत्येक नोंदीसाठी दोन यंत्रांमध्ये स्वतंत्र खेप होत असेल, तर असे दिसते. नोंदी एकेक न पाठवता गठ्ठ्याने पाठवल्या, की हा दोष बराच कमी होतो.

दुसरी आकृती सारख्या उताराने चढत जाणाऱ्या रेषेची. प्रत्येक गटाला मागच्या गटापेक्षा ठराविक वेळ अधिक लागतो. याचा अर्थ असा, की प्रत्येक नव्या नोंदीसाठी आजवर झालेले सगळे काम पुन्हा एकदा चाळले जात आहे.

तिसरी आकृती बराच वेळ सपाट राहून एकाएकी वर वळणाऱ्या रेषेची. येथे काही तरी भरले आहे. जोवर सर्व आवश्यक माहिती यंत्राच्या तत्पर स्मृतीत मावत होती, तोवर काम सुकर होते. ती मावेनाशी झाल्यावर प्रत्येक वेळी डिस्कपर्यंत जावे लागते.

चौथी आकृती अधूनमधून उठणाऱ्या सुळक्यांची. ठराविक वेळी वेग घसरतो आणि पुन्हा पूर्ववत होतो. अशा वेळी घड्याळाकडे पाहावे. रात्रीची सुरक्षा-प्रत घेणे किंवा मासिक अहवाल तयार करणे, असे दुसरे एखादे काम त्याच यंत्रावर चालू असण्याचा संभव असतो.

आमच्या तक्त्यात दुसरी आकृती उमटली. सारख्या उताराने चढणारी रेषा दोन रकान्यांत दिसत होती. तपासणीच्या रकान्यात ती ठळक होती आणि वाचनाच्या रकान्यात सौम्य. लिहिण्याचा रकाना जवळजवळ सपाट होता.

हिशोब काय सांगतो

सारख्या उताराची ही रेषा दिसायला साधी असली, तरी तिचा परिणाम भयंकर असतो. हिशोब सोपा जावा म्हणून एकूण नोंदी १ लाख आहेत असे धरू. नवी नोंद उतरवण्याआधी ती आधीच आली आहे का, हे पाहण्यासाठी संगणक आतापर्यंत उतरलेल्या सर्व नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतो, असे समजा. दुसऱ्या नोंदीच्या वेळी १, तिसरीच्या वेळी २, असे करत शेवटच्या नोंदीच्या वेळी ९९,९९९ नोंदी चाळाव्या लागतात. या सर्वांची बेरीज सुमारे ५०० कोटी होते. काम १ लाखाचे आणि कष्ट ५०० कोटींचे.

आमचे त्रैराशिक चुकले ते येथेच. अशा कामात नोंदी १० पट झाल्या, तर वेळ १० पट नव्हे, १०० पट लागतो. समजा, पहिला दहावा हिस्सा ६ मिनिटांत झाला. साध्या त्रैराशिकाने संपूर्ण काम १ तासात व्हायला हवे. प्रत्यक्षात त्याला १० तास लागतात. अर्धे काम अडीच तासांत होते, म्हणून सगळ्यांना हायसे वाटते आणि उरलेल्या अर्ध्याला साडेसात तास लागतात. लहान चाचणीत हा रोग दिसत नाही, कारण लहान चाचणीत तो असतो तरी अंगावर उमटलेला नसतो.

आता देणगीदारांच्या सूचनेकडे वळू. दुप्पट वेगाचे यंत्र आणले असते, तर तेवढ्याच वेळात दुप्पट नोंदी उतरल्या असत्या, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वरील हिशोबाप्रमाणे त्या फक्त सुमारे १.४ पट उतरल्या असत्या. तेवढ्याच वेळात दुप्पट नोंदी उतरवायच्या, तर चौपट वेगाचे यंत्र लागते. एका बाजूला रुग्णसंख्या वाढत राहणार आणि दुसऱ्या बाजूला आपण दर खेपेस अधिक महाग यंत्र घेत राहणार, ही शर्यत कोणत्याही धर्मादाय संस्थेला जिंकता येण्यासारखी नाही.

रोगाचे मूळ

मग प्रश्न उरला तो असा : तपासणीसाठी संगणक सगळ्या नोंदी का चाळत होता? त्याच्याजवळ सूची नव्हती का?

ग्रंथालयात एखादे पुस्तक आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण प्रत्येक कपाट धुंडाळत नाही. अकारविल्हे लावलेली सूची पाहतो. डेटाबेसमध्येही अशी सूची असते. तिला इंडेक्स म्हणतात. आज अनेक डेटाबेसांत वापरली जाणारी बी-ट्री ही सूचीची रचना रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्‌क्राइट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करत असताना मांडली. तिच्यावरील त्यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी अर्धा भाग वगळत गेले, तर १ लाखांतून हवी ती नोंद शोधायला १७ तुलना पुरतात. नोंदी २ लाख झाल्या, तर १८. कामाचा बोजा दुप्पट होतो आणि कष्ट एका तुलनेने वाढतात, ही सूचीची किमया आहे.

नव्या प्रणालीत अशी सूची होती. परंतु आमच्या तंत्रज्ञांनी काम सुरू करण्यापूर्वी ती स्वतःच्या हाताने काढून टाकली होती! यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता. रिकाम्या तक्त्यात भराभर माहिती भरायची असेल, तर आधी सूची काढाव्यात आणि भरणा संपल्यावर नव्याने बांधाव्यात, असा सल्ला पोस्टग्रेएसक्यूएलसारख्या नामांकित डेटाबेसाच्या अधिकृत मार्गदर्शनातही आढळतो. त्याला कारणही आहे. प्रत्येक नवी नोंद आली, की प्रत्येक सूचीत तिची योग्य जागा शोधून ती लिहावी लागते, आणि सूची जितक्या अधिक, तितका लिहिण्याचा भार अधिक. आमचा लिहिण्याचा रकाना सपाट राहिला, त्यालाही हेच कारण असावे.

पथ्य योग्य होते, पण या रुग्णासाठी नव्हते. आम्ही प्रत्येक नोंदीगणिक जुना नोंदणी क्रमांक शोधून पाहत होतो आणि ज्या सूचीने तो शोध क्षणात लागला असता, तीच सूची काढलेली होती. 'एकही नोंद दोनदा उतरू नये' ही आमची अट आणि 'सूची काढाव्यात' हा तज्ज्ञांचा सल्ला, दोन्ही वेगवेगळे पाहिले तर निर्दोष. एकत्र आल्यावर मात्र त्यांनी एकमेकांचा घात केला. दोन औषधे स्वतंत्रपणे गुणकारी असूनही एकत्र दिल्यास अपाय करतात, हे औषधशास्त्रात आपल्याला नवे नाही.

वाचनाच्या रकान्यातील सौम्य चढाचे कारण निराळे निघाले. जुन्या कोठारातून नोंदी मागवताना आज्ञावली म्हणत असे : पहिल्या ४०,००० सोडून पुढच्या १,००० द्या, मग पहिल्या ४१,००० सोडून पुढच्या १,००० द्या. 'सोडून द्या' असे म्हटले, तरी संगणकाला त्या नोंदी ओलांडत जावे लागते. पारायण करणाऱ्याने पोथीत खूण न ठेवता रोज पहिल्या पानापासून पाने मोजत कालच्या ओवीपर्यंत यावे, तसा हा प्रकार. १ लाख नोंदींसाठी १,००० चे १०० गट होतात आणि १ ते १०० ची बेरीज ५,०५० असल्याने १ लाखाऐवजी ५० लाख ५० हजार नोंदी वाचल्या जातात. पोथीत मोरपीस ठेवावे, तसा शेवटच्या नोंदीचा क्रमांक लक्षात ठेवून 'या क्रमांकाच्या पुढच्या १,००० द्या' असे म्हटले, आणि त्या क्रमांकाची सूची जुन्या कोठारात असली, की हा फेरा संपतो.

संशय कसे दूर केले

तक्त्याने दिशा दाखवली तरी खात्रीसाठी तीन सोप्या कसोट्या घेतल्या. त्या कोणत्याही संस्थेला उपयोगी पडतील, म्हणून येथे देत आहोत.

पहिली कसोटी : काम मध्येच थांबवून आज्ञावली पुन्हा सुरू करावी. वेग पहिल्यासारखा झाला, तर दोष दोन्ही कोठारांत नसून मधल्या आज्ञावलीत असण्याची शक्यता अधिक. काही आज्ञावली उतरवलेली प्रत्येक नोंद आपल्या स्मृतीत धरून ठेवतात आणि दर वेळी त्या सगळ्यांवर नजर फिरवतात. ठराविक गटानंतर ही स्मृती मोकळी करणे हा त्यावरचा उपाय. अनेक तासांचे काम एकाच अखंड व्यवहारात बांधले असेल, तरीही पुन्हा सुरू केल्यावर काही काळ तरतरी दिसते. आमच्याकडे पुन्हा सुरू करूनही वेग वाढला नाही. थांबला होता तेथूनच, तितक्याच मंदपणे काम पुढे चालू झाले. म्हणजे आज्ञावलीची स्मृती निर्दोष ठरली.

दुसरी कसोटी : जुन्या कोठारातील अगदी शेवटच्या नोंदी घेऊन त्या रिकाम्या कोठारात उतरवाव्यात. वाचन मंद राहिले, तर दोष उगमाकडे. तपासणी जलद झाली, तर नव्या कोठाराचे भरलेपण हे मंदपणाचे कारण. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी दिसल्या. रोग एक नव्हता, दोन होते.

तिसरी कसोटी : डेटाबेसलाच विचारावे. तू ही नोंद कशी शोधणार आहेस, असे विचारण्याची सोय बहुतेक डेटाबेसांत असते. एक्स्प्लेन या आज्ञेने तो आपला मार्ग सांगतो : सूचीतून जाणार की सगळा तक्ता चाळणार. हा प्रश्न तक्ता भरत असताना विचारावा, रिकामा असताना नव्हे. रिकाम्या तक्त्यात सगळे चाळणेही क्षणाचेच असते. सूची असूनही डेटाबेस ती वापरत नाही, असेही कधी घडते. तक्ता रिकामा असतानाचे जुने अंदाज त्याच्या मनात असतात आणि ते ताजे करून द्यावे लागतात.

उपचार आणि पडताळणी

उपचार करताना एक नियम पाळला : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर नवा तक्ता. प्रथम नोंदणी क्रमांकाची सूची पुन्हा बांधली. तपासणीच्या रकान्यातला चढ गेला, वाचनाचा राहिला. मग वाचनात खूण ठेवण्याची पद्धत लागू केली. तोही गेला. दोन्ही बदल एकदम केले असते, तर कोणत्या औषधाने काय साधले, हे कधीच कळले नसते.

तंत्रज्ञांनी नंतर याहून चांगला मार्ग सुचवला आणि अंतिम स्थलांतर त्याच मार्गाने झाले. प्रत्येक नोंदीगणिक तपासणी न करता सर्व नोंदी आधी एका तात्पुरत्या तक्त्यात उतरवायच्या. मग तो तक्ता आणि मुख्य तक्ता एकदाच परस्परांशी जुळवून पाहायचे आणि ज्या नोंदी मुख्य तक्त्यात नाहीत, तेवढ्याच तेथे घालायच्या. मुख्य तक्त्यात एक नोंदणी क्रमांक दोनदा येऊच नये, असे बंधन डेटाबेसवरच घालायचे. दारातल्या प्रत्येक पाहुण्याला थांबवून यादी चाळण्याऐवजी सर्वांना मांडवात बसवून दोन याद्या एकदाच ताडून पाहाव्यात, तसे हे झाले. दुसऱ्या एका शनिवारी काम पुन्हा हाती घेतले. हजाराहजारांचा तक्ता शेवटपर्यंत जवळजवळ आडवा राहिला आणि सोमवारी खिडकी नव्या प्रणालीवर उघडली.

जलद झाले म्हणजे बरोबर झाले असे नव्हे. म्हणून पडताळणीही टप्प्याटप्प्याने केली. दोन्ही कोठारांतील नोंदींची एकूण संख्या, वर्षवार संख्या आणि विभागवार संख्या ताडून पाहिली. औषधांच्या वावड्याचा इशारा असलेल्या नोंदी वेगळ्या काढून त्यांतली एकेक नोंद जुन्या नोंदीशी जुळवली. निर्धन रुग्ण निधीच्या रकमांची बेरीज दोन्हीकडे सारखी आली, तेव्हा लेखापालांनी सही केली. जुने कोठार पुसून टाकलेले नाही. ते केवळ वाचनापुरते जपून ठेवले आहे.

विश्वस्त आणि देणगीदार यांच्यासाठी

या प्रकरणातून घेण्याजोगा धडा संगणकापुरता मर्यादित नाही. काम जसजसे वाढते, तसतसा प्रत्येक नव्या कामाला अधिक वेळ लागू लागला, तर यंत्र किंवा माणसे दुबळी आहेत, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. प्रत्येक नव्या कामासाठी मागचे सगळे काम पुन्हा चाळले जात आहे का, हे आधी पाहावे. नोंदणीच्या खिडकीवरची रांग, औषध भांडारातील साठ्याची तपासणी, देणगीच्या पावत्यांची जुळणी, कोठेही हा दोष शिरू शकतो.

म्हणून यापुढे यंत्रसामग्रीच्या खरेदीचा प्रस्ताव आल्यास विश्वस्तांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. मंदपणा मोजला आहे का, आणि कोणत्या टप्प्यात तो आहे? काम दुप्पट झाल्यावर वेळ दुप्पट होतो की चौपट? आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहिला आहे का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कागदावर मिळाल्यावर खरेदी करावी लागली, तर ती निःशंक मनाने करावी.

ज्या देणगीदारांनी सर्व्हरचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती, त्यांच्याकडे निदानाचे दोन्ही तक्ते, पहिला चढता आणि दुसरा आडवा, घेऊन आम्ही गेलो. यंत्राची गरज उरली नाही, हे सांगताना थोडा संकोच वाटत होता. त्यांनी तक्ते शांतपणे पाहिले आणि देऊ केलेली रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करण्यास सांगितले. ती कोणकोणाच्या उपचारांसाठी खर्ची पडली, त्याची प्रत्येक नोंद आज नव्या कोठारात आहे. ती एकदाच आहे, आणि मागितल्याबरोबर सापडते.